ओमानच्या किनाऱ्यावरचा चिखल आणि न सापडणारे परागकण

मस्कतकर (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. मी मस्कतमध्ये माती-तपासणीच्या धंद्यात आहे. इमारत किंवा पूल बांधण्याआधी बोअर मारायचे, नमुने काढायचे आणि मातीची ताकद मोजायची, हे रोजचं काम. माझी भाची पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. ती इथे आली होती तेव्हा आम्ही कुरुमचं कांदळवन पाहिलं. त्याच्या शेजारच्याच टेकाडावर, रास अल हमराला, सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी मासेमारी करणाऱ्या लोकांची वस्ती होती. त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे थर तिथे निघाले आहेत. ओमानच्या किनाऱ्यावर असे ढीग पुष्कळ आहेत आणि त्यांत टेरेब्रेलिया नावाचा लांबट शंख वारंवार सापडतो. हा शंख कांदळवनाच्या चिखलातला. पण आज त्यातल्या कित्येक ढिगांच्या आसपास खारफुटीचं एक झाड नाही. म्हणजे झाडं होती आणि गेली.

झाडं होती तर परागकण चिखलात असणारच, असं धरून आम्ही रीतसर परवानगी काढून सूर या किनारी शहराच्या बाजूच्या सबख्यातले (किनाऱ्यालगतचं सपाट खारं मैदान) नमुने घेतले आणि एका प्रयोगशाळेत तयार करून घेतले. स्लाइड जवळजवळ रिकाम्या आल्या. वरच्या थरात थोडे कण होते, ते बहुतेक सगळे राजगिरा-माठाच्या कुळातले, गोल्फच्या चेंडूसारखे खड्ड्याखड्ड्यांचे. खाली गेलं की मुख्यतः काळे तुकडे आणि बुरशीचे बीजाणू.

भाचीला सल्ला मिळालाय की "या काळात इथे झाडोरा नव्हता" असं लिहून टाक. मला ते मुळीच पटत नाही. कण नाहीत यावरून झाडं नव्हती असं म्हणता येतं का? जाणकारांनी सांगावं.

*

खाडीकाठ :

वाचतोय. विषय एकदम नवीन आहे माझ्यासाठी.

*

रानजाई :

मस्कतकर, तुमचं बरोबर आहे. मी बरीच वर्षं परागकणांच्या स्लाइड पाहण्यात घालवली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं. आम्लांना ते दाद देत नाही. वाळू विरघळवणारं हायड्रोफ्लोरिक आम्लसुद्धा त्याचं काही बिघडवत नाही, म्हणून तर माती विरघळवून कण मागे ठेवता येतात. पण या कवचाचा एक शत्रू आहे, तो म्हणजे ऑक्सिजन. चिखल सतत ओला आणि हवाबंद राहिला तर कण लाखो वर्षं टिकतो. तोच चिखल भिजला, वाळला, परत भिजला, तर कवच झिजत जातं. त्यात जमीन अल्कधर्मी असेल आणि जिवाणू-बुरशी असतील तर आणखी लवकर. तुमचा सबखा म्हणजे नेमकं हेच सगळं एका जागी.

शिवाय झीज सगळ्यांची सारखी होत नाही. माठाच्या कुळातले कण जाड कवचाचे, आणि अर्धे कुजले तरी ओळखू येतात. पातळ कवचाचे आधी जातात, आणि अर्धवट उरले तरी कोणाचे ते सांगता येत नाही. त्यामुळे "९० टक्के माठकुळ" असा आकडा आला तर तो त्या काळच्या झाडोऱ्याचा आहे की कुजण्यातून वाचलेल्यांचा, हे आधी ठरवायला हवं. तुमच्या तक्त्यात फाटलेले, विरलेले, चुरगळलेले कण वेगळे मोजलेत का? खाली जाताना विरलेल्यांचं प्रमाण वाढत असेल तर "झाडोरा नव्हता" हे वाक्य कुठल्याही परिस्थितीत लिहू देऊ नका.

*

भूस्तर :

ताईंनी जे सांगितलं त्याला भूशास्त्राची जोड देतो. मी अबू धाबीला नोकरीनिमित्त बरीच वर्षं होतो. तिथल्या सबख्यावर १९६०च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या लोकांनी काम केलं आणि तेव्हापासून जगभरचे गाळशास्त्रज्ञ ते मैदान पाहायला येतात.

तिथे होतं असं की भूजल अगदी वर, हाता-दोन हातांवर असतं. उन्हाने पाणी वर खेचलं जातं, उडून जातं आणि मीठ, जिप्सम, अनहायड्राइट असे क्षार मागे राहतात. हे स्फटिक गाळाच्या आत वाढतात. नाजूक कण त्यांच्या वाढीत चिरडले जातात. वरचा भाग वर्षातून कितीदा ओला-कोरडा होतो याला गणती नाही. मात्र भूजलाच्या खाली, जिथे जुन्या खाजणाचा करडा-काळा चिखल किंवा सूक्ष्मजीवांची चटई दबली गेली आहे, तिथे हवा पोचत नाही. नमुना काढताना कुजक्या अंड्याचा वास आला असेल तर आशा धरा. तपकिरी-पिवळट, गंजाचे डाग असलेला गाळ असेल तर परागकणांसाठी खर्च करू नका.

मस्कतकर, तुमचे नमुने कुठल्या रंगाचे होते?

*

मस्कतकर :

भूस्तर काका, वरचे सगळे पिवळट. सर्वात खालचे दोन करडे, आणि वास होता. काळे तुकडे त्या दोनांतच, आणि थोडे ओळखू येणारे कणही मिळाले.

*

शंकासूर :

मी जरा उलट बाजूने बोलतो. परागकणांवरून हवामान सांगणं हा प्रकारच मला घाईचा वाटतो. राजस्थानचं उदाहरण घ्या. गुरदीप सिंग यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सांभर, डिडवाना, लूणकरणसर या खाऱ्या सरोवरांतल्या परागकणांवरून सांगितलं की सिंधू संस्कृतीच्या भरभराटीत पाऊस जास्त होता आणि पाऊस घटला तशी संस्कृती ओसरली. पाठ्यपुस्तकांत ते जाऊन बसलं. मग १९९९ साली लूणकरणसरच्याच गाळाचा नव्याने अभ्यास झाला आणि निघालं की सरोवर तर हडप्पाच्या नागरी काळाच्या कितीतरी आधीच आटलं होतं. मग कशावर विश्वास ठेवायचा?

*

रानजाई :

शंकासूर, उदाहरण चांगलं घेतलंत, पण त्यातून निघतं वेगळंच. सिंग यांचे परागकण खोटे ठरले नाहीत. कोरडेपणा आला हे दोन्ही अभ्यासांत आहे. मतभेद कधी आला याचा आहे, आणि त्याचा समाजाशी जोडलेला संबंध त्यामुळे डळमळला. १९७०च्या दशकात एका तारखेला बरीच माती लागायची, त्यामुळे तारखा विरळ. आता एखाद्या बीच्या तुकड्यावरही तारीख काढता येते.

किनाऱ्यावर तर तारखेची अडचण दुप्पट. शिंपल्यावर तारीख काढली तर समुद्राच्या पाण्यातला जुना कार्बन त्यात आलेला असतो, त्यामुळे तो जगभरच्या सरासरीने सुमारे ४०० वर्षं जुना दिसतो. अरबी समुद्रात खालचं जुनं पाणी वर येत असल्यामुळे फरक आणखी वाढतो. म्हणून शक्य असेल तिथे जमिनीवरच्या झाडाचं पान, बी किंवा कोळसा वापरावा.

*

कांदळवेडी :

मी सिंधुदुर्गातली. परागकणांतलं काही कळत नाही, पण तिवरं आणि कांदळ रोज बघते. एक विचारू? तिवराच्या फुलावर मधमाश्या असतात, झाड वाऱ्यावर पराग उधळत नाही. मग तिवराचे कण चिखलात पडतात तरी का?

*

रानजाई :

कांदळवेडी, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

तिवर (अ‍ॅव्हिसेनिया) कीटकांवर अवलंबून, पराग कमी, आणि पडले तर झाडाच्या बुडाशीच. ऐन तिवराच्या दाटीत घेतलेल्या चिखलातही तिवराचं प्रमाण फार थोडं येतं. याउलट कांदळ (रायझोफोरा) भरपूर पराग तयार करतो आणि ते बरेचसे वाऱ्यावर जातात, त्यामुळे जंगल लांब असलं तरी कण पोचतात. तेव्हा स्लाइडवर तिवराचे पाच कण आणि कांदळाचे पाच कण यांना सारखं वजन देता येत नाही. तिवराचे पाच कण म्हणजे झाड तिथेच होतं. कांदळाचे पाच म्हणजे किनाऱ्यावर कुठेतरी होतं.

ओमानमध्ये आज नैसर्गिकपणे वाढणारी खारफुटी म्हणजे फक्त तिवर. पण सुमारे ६००० वर्षांपूर्वीच्या खाजणांच्या गाळात कांदळाचेही कण सापडले आहेत. नंतर कांदळ नाहीसा झाला, खारं आणि उन्हाळी सोसणारं तिवर उरलं, तेही जागोजागी आक्रसत गेलं. तिवर कण कमी टाकतं म्हणून त्याचा हा दुसरा टप्पा स्लाइडवर फार पुसट दिसतो. मस्कतकरांचा झाडोरा "नाहीसा" होण्यामागे हेही असू शकतं.

*

खाडीकाठ :

म्हणजे आमच्याकडे कोकणात दोन्ही शेजारी उभे असतात ते तिकडेही होते! हे माहीतच नव्हतं. पण गेले का? माणसांनी तोडले?

*

शंकासूर :

हेच विचारणार होतो. रास अल हमरासारख्या वस्त्यांत चुली होत्या. सरपण कुठून आणलं असेल? समोर खारफुटी असताना दुसरीकडे कोण जाईल?

*

भूस्तर :

सरपण त्याचंच असणार, शंका नाही. पण अख्ख्या किनाऱ्यावरची वनं एकाच सुमारास मागे जातात, वस्ती असो नसो, तेव्हा चूल पुरेशी ठरत नाही. २०२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या गटाने ओमानच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच जागा तपासून यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं, समुद्रपातळी उतरणं किंवा माणसाची तोड ही मुख्य कारणं दिसत नाहीत. पाऊस देणारा पट्टा दक्षिणेकडे सरकला, वाद्यांतून (एरवी कोरड्या, पावसात वाहणाऱ्या नद्यांतून) गोडं पाणी येणं कमी झालं, मातीतला खारेपणा वाढला आणि वनं सुमारे ६००० वर्षांपूर्वी कोसळली.

दक्षिण ओमानात सलालाहकडच्या कुन्फ गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभाचं काम २००३ साली प्रसिद्ध झालं, त्यातही गेल्या सुमारे आठ हजार वर्षांत मान्सून हळूहळू ढेपाळत गेल्याचं दिसतं. गुहेतला चुना आणि किनाऱ्यावरचा चिखल या दोन अगदी स्वतंत्र नोंदी आहेत, म्हणून मला हे पटतं.

*

डोनापावला :

गोव्याहून लिहितोय. परागकण नसले म्हणून स्लाइड रिकामी म्हणू नका, हे सांगायला आलो. मी फोरामिनिफेरावर (कवचधारी एकपेशीय सागरी जीव) काम करतो. त्यांचं चुन्याचं कवच आम्लात विरघळतं, पण आत एक सेंद्रिय अस्तर असतं, ते परागकणांच्या स्लाइडवर तपकिरी गुंडाळीसारखं दिसतं. ते दिसलं की तिथे समुद्राचं पाणी होतं. तसेच डायनोफ्लॅजेलेटांचे (पाण्यात तरंगणारे एकपेशीय सूक्ष्मजीव) कोश. मात्र त्यातही भेदभाव आहे: काही जातींचे कोश ऑक्सिजन लागताच नष्ट होतात, काही चिवट. अरबी समुद्राच्या तळावरच या गोष्टीचा चांगला अभ्यास झाला आहे.

आणि सूर म्हणालात म्हणून सांगतो, सूरच्या खाजणात शिंपल्यांचा एक थर आहे, तो २८ नोव्हेंबर १९४५च्या मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा) त्सुनामीचा असल्याचं संशोधकांनी मांडलं आहे. त्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. तो थर तुमच्या नमुन्यात ओळखता आला तर वरच्या भागाला फुकटात एक तारीख मिळते.

*

मस्कतकर :

डोनापावला, तपकिरी गुंडाळ्या आहेत! भाचीने त्यांचे फोटो "अनोळखी" म्हणून काढून ठेवलेत. खालच्या दोन्ही करड्या नमुन्यांत.

*

डोनापावला :

मग झालं की. तिथे भरतीचं पाणी येत होतं, चिखल करडा आहे, काळे तुकडे आहेत. ते तुकडे कडा धारदार असलेले, पेशींची रचना दिसणारे असतील तर लाकूड किंवा कोळसा, जवळचाच. गोलसर, अपारदर्शक असतील तर लांबून वाहत आलेले. हे बघून घ्या.

*

गावाकडचा :

२००८-०९ला मस्कतच्या समुद्राला लाल पाणी आलं होतं, मासे मेले होते, पाणी गोडं करणारे प्रकल्प बंद ठेवावे लागले होते. ते हेच डायनो का काय?

*

डोनापावला :

त्याच गटातले, हो. कॉक्लोडिनियम नावाची जात होती, सगळ्या आखातात पसरली होती. डायनोफ्लॅजेलेटांपैकी काहीच जाती टिकाऊ कोश करतात, त्यामुळे प्रत्येक लाल पाण्याची खूण गाळात राहतेच असं नाही.

*

कच्छी_मराठी :

भुजमध्ये तिसरी पिढी. आमच्याकडे खाराई उंट पोहत जाऊन तिवरं चरतात आणि परत येऊन रणाच्या कडेला बसतात. त्यांच्या लेंड्यांतून तिवराचे पराग आत जमिनीवर येत असतील का? ओमानातही उंट किनाऱ्यावर हिंडतात.

*

रानजाई :

येऊ शकतात, आणि हा मुद्दा लोक विसरतात. ओळखायची खूण अशी की शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू (स्पोरोर्मिएला वगैरे) त्याच थरात बरोबर मिळतील. मस्कतकरांनी बुरशीचे बीजाणू लिहिलेत, ते कोणते हे पाहायला हवं. नुसतं "बुरशी" लिहून भागत नाही.

वाऱ्याचंही लक्षात ठेवा. उत्तरेचा शमाल वारा इराण-इराककडून धूळ आणतो, उन्हाळ्यात नैर्ऋत्येचे वारे वाहतात. त्यामुळे सूरच्या चिखलात शेकडो किलोमीटरवरचा कण पडू शकतो. स्थानिक कण कमी असले की पाहुण्यांचं प्रमाण उगाच मोठं दिसतं. समुद्रतळाच्या गाळात हेच उपयोगी पडतं: १९८६ साली नैर्ऋत्य भारताजवळच्या समुद्रातल्या दोन नमुन्यांवर काम प्रसिद्ध झालं, त्यात सुमारे ११,००० वर्षांपूर्वी खारफुटीचे कण वाढलेले दिसतात, म्हणजे पाऊस जोरात परतला होता. खोल समुद्रातला गाळ हलत नाही, वाळत नाही. किनाऱ्यावर ती चैन नाही.

*

रसायनवाला :

सावधगिरीचं लिहितो. कोणी वाचून घरच्या घरी करायला जाऊ नये. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत जातं, सुरुवातीला दुखतही नाही आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. तळहाताएवढा भाग भाजला तरी जीव जाऊ शकतो. योग्य धुराडं, हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

ओमानच्या गाळात चुना भरपूर. आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने तो पूर्ण काढला नाही आणि थेट हायड्रोफ्लोरिक घातलं तर कॅल्शियम फ्लोराइडचा पांढरा साका बसतो आणि कण त्यात गडप होतात. जिप्समही आधी भरपूर पाण्याने धुऊन काढायला हवं. मस्कतकर, प्रयोगशाळेला क्रम विचारा. जड द्रवात तरंगवून कण वेगळे करायचीही पद्धत आहे, तिच्यात हे आम्ल टाळता येतं.

आणि लायकोपोडियमच्या गोळ्या घातल्या होत्या का?

*

खाडीकाठ :

लायकोपोडियमच्या गोळ्या कशासाठी?

*

रसायनवाला :

मोजणीसाठी. एका नेच्यासारख्या वनस्पतीचे बीजाणू, प्रत्येक गोळीत किती आहेत हे माहीत असतं. समजा ५ ग्रॅम मातीत २०,००० बीजाणू घातले. स्लाइडवर ४०० लायकोपोडियम मोजेपर्यंत ४० परागकण दिसले. तर एकूण परागकण २,०००, म्हणजे ग्रॅममागे ४००. ही पद्धत १९७१ सालापासून रूढ आहे. हिचा मोठा फायदा असा की स्लाइडवर लायकोपोडियमही नसेल तर दोष प्रक्रियेचा. लायकोपोडियम भरपूर आणि परागकण शून्य, तर माती खरंच रिकामी.

*

मस्कतकर :

विचारून आलो. गोळ्या घातल्या होत्या आणि लायकोपोडियम भरपूर दिसतात. म्हणजे प्रक्रियेत कण हरवले नाहीत. वरच्या पिवळट नमुन्यांत ग्रॅममागे आकडा नगण्य आहे, करड्यांत बराच जास्त. आणि विरलेले कण पिवळ्यांत जास्त आहेत, भाचीने आता वेगळे मोजले.

*

शंकासूर :

हे ऐकून माझं मत बदललं. पिवळा थर = नोंद पुसलेली, करडा थर = नोंद शिल्लक. पिवळ्या थरावरून झाडांबद्दल काहीही बोलू नये, असंच ना?

*

भूस्तर :

अगदी. पिवळ्या थराबद्दल एवढंच म्हणता येतं की तो साचल्यावर उघडा पडला, वाळला. तेही महत्त्वाचं आहेच: खाजण भरत गेलं आणि सबखा झाला.

*

कांदळवेडी :

पण मग कोरड्या काळातल्या झाडांचं कधीच कळणार नाही? मला हे फार चुटपुट लावतंय.

*

रानजाई :

कळेल, वेगळ्या साक्षीदाराकडून. झाडांच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म दगड तयार होतात, फायटोलिथ. ते सेंद्रिय नसल्यामुळे ऑक्सिजनला भीत नाहीत. फार अल्कधर्मी मातीत मात्र तेही विरघळतात. ताडकुळाचे फायटोलिथ गोल आणि काटेरी असतात, ओळखायला सोपे, त्यामुळे खजुराच्या बागांचा माग काढायला उपयोगी. अबू धाबीच्या दलमा बेटावर सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या खजुराच्या जळक्या बिया मिळाल्या आहेत, म्हणजे या भागात खजूर किती जुना ते बघा. मात्र तिवराचं लाकूड आणि पानं फायटोलिथमध्ये ठळक येत नाहीत, तिथे कोळशाचाच आधार.

*

कच्छी_मराठी :

एक व्यवहारातली गोष्ट. आमच्याकडे गांडो बावळ, म्हणजे तुमची वेडी बाभूळ, माणसाने बाहेरून आणून लावली आणि सगळीकडे पसरली. ओमानातही आहे ना? खालच्या थरात तिचे कण सापडले तर?

*

रानजाई :

तर नमुना बाटला, असं समजायचं. पण तिचे कण आणि शमीचे (तिकडे घाफ म्हणतात, तीच आपली शमी) साध्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करणं कठीण. त्यापेक्षा सुरू बघा. सुरूची झाडं दोन्हीकडे माणसाने लावलेली, कण वाऱ्यावर मुबलक. सुरूचा कण "सहा हजार वर्षं जुन्या" थरात दिसला तर खेकड्याच्या बिळातून किंवा बोअर मारताना वरची माती खाली गेली.

*

मस्कतकर :

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीशी बोललो. ती "झाडोरा नव्हता" हे वाक्य काढते आहे. पिवळ्या थरांच्या तक्त्यात आता टक्केवारी येणार नाही, फक्त ग्रॅममागचा आकडा आणि कणांची अवस्था. करड्या नमुन्यांतल्या कोळशाची तारीख काढायची आणि पुढचा बोअर सबख्यात न मारता खाजणाच्या मध्यावर, कायम पाण्याखाली असलेल्या जागी मारायचा. नव्या परवानगीचा अर्ज टाकला आहे.

एकच अडचण उरली: तुलनेसाठी इथल्या झाडांच्या परागकणांच्या स्लाइड कुठून आणायच्या?

*

रानजाई :

स्वतः करा, त्याला पर्याय नाही. तिवर, शमी, पिलू, मोरस, बोर आणि इथली एक-दोन गवतं एवढ्यांनी सुरुवात होईल. प्रत्येक फांदीचा दाबून वाळवलेला नमुना बरोबर ठेवा म्हणजे नाव नंतर तपासता येतं. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आणि लखनौच्या बीरबल साहनी संस्थेत परागकणांचं काम चालतं, भाचीने आपल्या विभागामार्फत तिथे विचारणा करावी. खजुराचा नर-फुलोरा जानेवारी ते मार्चमध्ये बागवाल्यांकडे मिळेल, ते तो हातानेच मादी झाडावर बांधतात. एक कणीस मागून घ्या, कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, बुरशी धरते.